डाव्या पायाची पकड

दुपारचा वरणभात अंगावर आलाय. संध्याकाळी दोरीच्या मल्लखांबाची जिल्हा निवड, आणि आपली शर्मिष्ठा मात्र सतरंजीवर आडवी! डोळे म्हणतात मिटतो, ती म्हणते नको. या ओढाताणीत स्वयंपाकघराच्या दारात रंजूआत्या दिसते. पदर खोचलेला, खांद्यावर दोर. आत्या गेल्या वर्षी काविळीनं गेली, हे शर्मिष्ठेला पक्कं ठाऊक आहे. पण तिला ते तोंडावर सांगायचं कसं? बरं दिसतं का!

"लोळतेस काय गं भवाने? चल, चढ!"

"आत्या, उजवा पाय दोर धरतच नाही. सर म्हणतात, आज दोन्ही पायांनी चढली नाहीस, तर संघात नाहीस."

भिंत कधी गेली कळत नाही. शाळेचं मैदान आहे आणि मधोमध ओट्यावर दूध उतू चाललंय. कुणी गॅस बंद करत नाही.

शाळेत जायच्याही आधी आत्यानंच तिला दोर डाव्या अंगठ्यात धरायला शिकवलं. आत्याच्या उजव्या अंगठ्यावर लहानपणी वरवंटा पडलेला. तिला जेवढं येत होतं, तेवढंच तिनं दिलं. पोरीचे दोन्ही अंगठे धडधाकट आहेत, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

"रोज पहाटे उजव्यानं चढायला बघते मी. रक्त येईस्तोवर. जिद्दीनं होईल ना गं?"

"जिद्द मला काय कमी होती?" आत्या हसते. "निवडीत पडलेच की."

"मग आता शिकव उजवा!"

"मला कुठे येतोय, बाळा?"

तरी ती खाली बसते. शर्मिष्ठेचा पाय मांडीवर घेते, अंगठ्याच्या बेचक्यात दोर बसवते. मैदानाचा एसटी स्टँड झालाय. दोर वर कशाला बांधलाय, दिसत नाही. शर्मिष्ठा अंग उचलते आणि अहो, चढते की! सरसर!

"बसला! आत्या, उजवा बसला!"

खालून आत्या मान वर करून बघते. टाळी काही वाजवत नाही.

"शमे, ऊठ! निघायचंय ना?"

आईच्या हाकेनं ती दचकून बसते. बेचक्यात चुरचुरतंय. कातडं सोलवटलंय, लालबुंद, वर दोराचा एक धागा चिकटलेला.

"आई, हे बघ!" ती आनंदानं ओरडते आणि पाय उजेडात ओढते.

डावा आहे.