टीमवर्कचं वजन

नोएडातल्या त्या कंपनीतून मी तीन गोष्टी घेऊन बाहेर पडले: भिंतीवरचं एक घड्याळ, पाठदुखी आणि किस्से. घड्याळ बंद पडलं, पाठ व्यायामानं बरी झाली. किस्से मात्र वाढतच चाललेत. त्या वेळचं कोणी करोलबागेत भाजी घेताना भेटलं, की मी विसरलेला एखादा परत देऊन जातं.

आम्ही वॉटर कूलर बनवायचो. नव्वदीत कंपनीला जपानी पार्टनर मिळाला. आधी काचेची दारं आली, मग कॉम्प्युटर आले आणि शेवटी व्हॅल्यूज आल्या. इंटेग्रिटी, टीमवर्क, रिस्पेक्ट आणि कस्टमर फर्स्ट. चार मोठ्या फ्रेम. रिकामी भिंत एकच उरली होती, बाथरूमसमोरची. तिथं त्या लावल्या. त्यामुळे दिवसातून दोन-तीनदा प्रत्येकाच्या नजरेखालून जायच्या.

आमच्या पर्सोनेल डिपार्टमेंटचं नाव एचआर झालं. माझं आडनाव सबनीस. ते गेटपासूनच 'शबनम मॅडम' झालेलं होतं. ते कोणी बदललं नाही.

*

एके सोमवारी आमचे एचआर हेड मेहरोत्रासाहेब म्हणाले, "शबनम मॅडम, फिटनेस कॉम्पिटिशन करनी है."

चार टीम, चार व्हॅल्यूंची नावं. जी टीम सगळ्यात जास्त वजन उतरवेल ती जिंकणार. बक्षीस द्यायला खुद्द जपानी चेअरमन येणार.

संध्याकाळपर्यंत कॅन्टीनमध्ये बातमी पसरली: जाडे राहतील त्यांना व्हीआरएस! शेजारच्या फॅक्टरीत नुकतीच अर्धी माणसं 'स्वेच्छेनं' घरी गेली होती, त्यामुळे बातमी लगेच पटली.

मेहरोत्रासाहेबांनी तातडीनं नोटीस लावली. 'या स्पर्धेचा व्हीआरएसशी काहीही संबंध नाही.'

तोपर्यंत ज्यांना संशय नव्हता, त्यांनाही आला.

*

स्टोअर्सचे भसीनजी आमच्या कंपनीतले सगळ्यात वजनदार गृहस्थ. वय पन्नाशीच्या पुढं, स्वभाव लोण्यासारखा. आमच्या चार्टर्ड बसमध्ये ते बसले की शेजारची सीट रिकामी राहायची. कोणाचा राग नव्हता; सीटच उरायची नाही.

टीम निवडायच्या दिवशी चारही कॅप्टन स्टोअर्सच्या दारात उभे! कोणाच्या हातात मिठाई, कोणाच्या हातात ज्यूस. उतरवायला एवढं वजन दुसऱ्या कोणाकडेच नव्हतं. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. भसीनजी टीमवर्कला मिळाले.

"शबनमजी," ते मला हळूच म्हणाले, "शादी के टाइम भी इतनी डिमांड नहीं थी."

*

पहिलं वजन डिस्पॅचमधल्या काट्यावर झालं. त्यावर एरवी कूलरची खोकी चढायची.

पहिलं वजन जास्त भरलं तर पुढं जास्त उतरलेलं दिसतं, हे गणित सगळ्यांना येत होतं. सकाळी बहुतेक जण छोले-भटूरे खाऊन आले होते. इंटेग्रिटीच्या टीमचं वजन मात्र छोल्यांनी येईल त्यापेक्षा फारच जास्त भरलं. त्यांचा कॅप्टन काट्यावरून उतरला आणि त्याच्या पँटच्या खिशातून पितळी नळ खाली पडला. आमच्याच कूलरचा.

"यह क्या है?" मेहरोत्रासाहेबांनी विचारलं.

"सर, सँपल."

रिस्पेक्टवाले यावर इंटेग्रिटीवाल्यांना जे म्हणाले, ते मला मराठीत सांगता येणार नाही. हिंदीतही नाही.

*

महिनाभरानं अकाउंट्सच्या गुप्तांना कावीळ झाली. गुप्ता कस्टमर फर्स्टच्या टीममध्ये होते. त्यांचं वजन झपाट्यानं उतरायला लागलं, आणि त्यांच्या टीममध्ये उत्साहाचं वातावरण पसरलं.

बाकीच्या टीमनी हरकत घेतली. कमिटी बसली. नियम वाचले. त्यात वजन कसं उतरलं याबद्दल एक शब्द नव्हता. कावीळ मान्य झाली!

कस्टमर फर्स्टचा कॅप्टन गुप्तांना बघायला गेला आणि म्हणाला, "आराम से ठीक होना यार, कोई जल्दी नहीं."

गुप्ता लक्ष्मीनगरात एकटे राहायचे; बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती. काही दिवसांनी कळलं, की रोज संध्याकाळी त्यांच्याकडे मुगाची खिचडी पोचतेय. पोचवणारे भसीनजी. म्हणजे टीमवर्कचा माणूस विरोधी टीमचं वजन वाढवत होता!

टीमवर्कचा कॅप्टन खवळला. "भसीनजी, आप किसकी टीम में हैं?"

"भाई," भसीनजी म्हणाले, "पीलिया गुप्ता को हुआ है. कस्टमर फर्स्ट को नहीं."

*

भसीनजी स्वतः मात्र काही खाईनासे झाले. घरचा डबा यायचा तसा दुसऱ्याला द्यायचे. मानेवरची कॉलर सैल झाली, मग शर्टच लोंबायला लागला. सगळे पाठ थोपटायचे, "वाह, भसीनजी!"

एका दुपारी ते स्टोअर्समध्ये चक्कर येऊन पडले. मी धावत गेले. कोणी पंखा ओढून आणला, कोणी पाणी मारलं. शुद्धीवर आले तेव्हा जवळ मी एकटीच होते. बाकीचे डॉक्टरला फोन करायला गेले होते.

"शबनमजी, आप तो एचआर में हैं," ते म्हणाले. "पतला हो गया तो रख लेंगे ना?"

मला काहीच माहीत नव्हतं. मी म्हटलं, "बिल्कुल."

मग त्यांना तिथंच बसवून दोन पोळ्या खायला लावल्या आणि तडक मेहरोत्रासाहेबांच्या केबिनमध्ये गेले. "सर, व्हीआरएस येतेय का? खरं सांगा."

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मॅडम, फिट रहना तो अच्छी बात है."

मी बाहेर येऊन दार लावलं. काचेचं असल्यामुळे आपटता आलं नाही.

*

टीमवर्क जिंकली. समारंभाला घरच्यांनाही बोलावलं होतं. जपानी चेअरमन आले. वयस्कर, बारीक अंगाचे, अतिशय गंभीर. भसीनजींना त्यांनी स्टेजवर बोलावलं, ट्रॉफी दिली आणि मिसेस भसीननाही वर यायला सांगितलं.

चेअरमननी सावकाश इंग्रजीत विचारलं, "तुमच्या मिस्टरांमध्ये झालेला बदल कसा वाटतो?"

मिसेस भसीननी नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि मेहरोत्रासाहेबांना सांगितलं, "इनसे कहिए, मुझे पुराना वाला वापस चाहिए."

मेहरोत्रासाहेबांनी माइकमध्ये भाषांतर केलं, "सर, ती म्हणतेय, तिला कंपनीचा फार अभिमान वाटतो."

मिसेस भसीन सरकारी शाळेत आठवीला इंग्रजी शिकवायच्या. "नो, सर," त्या म्हणाल्या, आणि मूळ वाक्य त्यांनी स्वच्छ इंग्रजीत, कर्ता-कर्म-क्रियापदासकट, चेअरमनना ऐकवलं.

एमडींनी डोळे मिटून घेतले.

चेअरमन हसले नाहीत. त्यांनी विचार केला.

"हे तुम्हाला कधी मिळाले?"

"अठ्ठावीस वर्षं झाली."

चेअरमननी भसीनजींना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, एकदा मागं जाऊनही बघून आले. मग बाईंपुढं कमरेत वाकून म्हणाले, "सॉरी, मॅडम. वॉरंटी संपली."

"आणि सर्व्हिस?" बाईंनी विचारलं.

"सर्व्हिस?" चेअरमननी भसीनजींच्या खांद्यावर हात ठेवला. "आमच्या माणसाला सर्व्हिस लाइफटाइम!"

पहिली टाळी मागच्या रांगेतून आली, स्टोअर्सच्या. मग गुप्ता उठून उभे राहिले, अजून पिवळटच होते. मग अकाउंट्स, डिस्पॅच, रिस्पेक्ट, इंटेग्रिटी, सगळेच उभे! टाळ्या थांबेनात. चेअरमनना वाटलं, इंडियात अशीच पद्धत असेल. ते पुन्हा पुन्हा वाकत राहिले. शेवटी एमडीही टाळ्या वाजवायला लागले.

एकट्या मेहरोत्रासाहेबांना वाजवता आल्या नाहीत. त्यांच्या हातात माइक होता.