टीव्हीपासून अकरा फूट

नव्या टीव्हीचा आकार कळावा म्हणून नवऱ्यानं हॉलच्या भिंतीवर वर्तमानपत्रं चिकटवली. मला तिथं उभं करून मोजायच्या टेपचं टोक हातात दिलं आणि तो मागे सरकत गेला. एवढा टीव्ही म्हणे अकरा फुटांवरूनच बघायचा. अकरा फुटांवर आमच्या स्वयंपाकघराचं दार आहे.

"सोफा दाराला लावू."

"मग मी कुठून येऊ?"

"बाल्कनीतून ये ना!"

आधी एवढं मोठं आणायचं आणि मग लांब बसायचं, ही कसली हौस? पडद्यावरच्या परक्या बाईची पापणी न् पापणी दिसायला हवी. घरातली दाराआड गेली तरी चालेल.

मी टोक सोडलं. टेप सर्रकन जाऊन त्याच्या बोटांवर आपटली. कळवळून त्यानं वर पाहिलं. अकरा फुटांवरून मी त्याला अगदी स्पष्ट दिसले.