गाडी बोलती करणारा मिस्त्री

गाडी चालू करायला सांगून मिस्त्री बोनेटवर तळहात टेकवायचा, डोळे मिटायचा आणि तोंड किंचित उघडं ठेवायचा. दाताच्या डॉक्टरसमोर बसल्यासारखा. मग डोळे उघडून निकाल द्यायचा, "मुकी आहे. बोलती करा लागते."

पांढरकवड्याच्या अलीकडे हायवेला लागून माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे. त्यालाच चिकटून टिनाची शेड आहे, तीही आमचीच. तिच्यात त्याचं गॅरेज होतं. राजूरकडून आलेला, खाणीच्या डंपरवर हात बसलेला माणूस. इंजिनाचं कुठलंही काम करायचा, पण नाव झालं ते आवाजासाठी. टर्बोचा ट्रक आला की हवा ओढणाऱ्या नळीवरचा फिल्टरचा डबा काढून टाकायचा, नळी छाटायचा, तिला पत्र्याचा रुंद कर्णा बसवायचा आणि कर्ण्याच्या तोंडाला बारीक जाळी. एरवी डब्यात दबून राहणारी टर्बोची शिट्टी मग मोकळी सुटायची. हायवेच्या आसपास राहत असाल तर तुम्हीही ती ऐकली असेल. आधी बारीक, मग दात शिवशिवतील अशी.

मला ते काम पटत नसे. फिल्टरशिवाय इंजिन धूळ खातं, आणि आमच्याकडे हंगामात धुळीबरोबर कापसाचे तंतूही खातं. मी तसं सांगायचे. तो म्हणायचा, "वैनी, तुमी फिल्टर विकता म्हणून म्हणता." हे अगदीच खोटं होतं असं नाही. रबरी नळ्या आणि क्लिपा तो माझ्याकडूनच घ्यायचा, आणि त्या मी देत होते.

त्याच्या कामाची एक खूण होती. दुसरे मिस्त्री कर्ण्याचं तोंड बाहेर, रस्त्याकडे काढत. हा ते कॅबिनच्या मागून ड्रायव्हरच्या कानाकडे वळवायचा. एकदा विचारलं, तर म्हणाला की लोकांना तर ऐकू जाणारच, पण दिवसभर एकटा चालवणाऱ्याला सोबत पाहिजे. काम झालं की स्वतः स्टिअरिंगवर बसून एक चक्कर मारून यायचा. परतायचा तेव्हा लग्नात जेवून आल्यासारखा चेहरा. मग सगळ्यांना चहा सांगायचा, गिऱ्हाइकाच्या नावावर.

ती वर्षं कापसाची वाईट होती. भाव पडलेले, खरेदी केंद्रांपुढे गाड्यांच्या रांगा, आणि ट्रकवाल्यांना भाडं मिळेना. अशात आवाजावर खर्च कशाला, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. पण आतल्या खेड्यांत ट्रक चढावर असतानाच लोक त्याचा आवाज ओळखत आणि आपल्या माणसाची गाडी आली म्हणून कापूस बाहेर काढून ठेवत. ज्याची गाडी आधी ओळखू येई, त्याची आधी भरे. त्यामुळे शिट्टी ही चैन नव्हती. निदान तसं सांगता येत होतं.

घाटंजीकडचे दोघे भाऊ असेच आले. जुना ट्रक, दोघांच्या भागीदारीतला. धाकटा चालवायचा, थोरला क्लीनरचं काम करायचा. ट्रक मागे घेताना थोरला मागे उभा राहून ट्रकच्या मागच्या झडपेवर, फाळक्यावर, तळहाताने ठोके द्यायचा. एकेक ठोका म्हणजे येऊ दे, लागोपाठ दोन म्हणजे थांब. हायवेवर सगळे असंच करतात. धाकट्याचा तर आरशापेक्षा त्या हातावर जास्त भरवसा होता.

कर्णा बसला तेव्हा आम्ही सगळे ट्रकपाशीच उभे होतो. थोरल्याने तो सगळ्या बाजूंनी पाहिला.

"मिस्त्री, याचं तोंड तिकडच्या अंगाले करा ना," तो म्हणाला. "मागं घेताना याले माहा ठोका आयकू आला पाह्यजे."

"ठोका कायले पाह्यजे? डोळे नाहीत काय त्याले?" मिस्त्री म्हणाला. "तू आता म्हातारा झाला भाऊ. कॅबिनमधी बसून झोपत जा."

हशा झाला. कर्णा राहिला तिथेच.

हंगाम भरात असताना धाकटा कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात ट्रक माल उतरवायच्या धक्क्याला लावत होता. धक्क्यापाशी थोडा चढ आहे, म्हणून त्याने इंजिनाला जोर दिला. थोरल्याने दोन ठोके दिले, मग पुन्हा दोन, मग तो ओरडला, असं बघणारे सांगतात. कॅबिनमध्ये शिट्टीशिवाय काही पोचलं नाही. फाळका आणि धक्का यांच्या मध्ये थोरल्याचा उजवा हात सापडला. नागपूरला नेलं. कोपराखालून काढावा लागला.

हायवेवर जो तो बोलत होता. कोणी म्हणे धाकट्याची चूक, कोणी म्हणे थोरला तिथे उभाच कशाला राहिला, कोणी नशिबावर टाकून मोकळे. मिस्त्रीचं नाव कोणीच घेतलं नाही. धाकट्यानेसुद्धा नाही. तो एवढंच म्हणायचा की मी आरशात पाहायला पाहिजे होतं.

मिस्त्री भर दुपारी दुकानात येऊन बसला. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाला, "वैनी, त्या दिवशी तो काय म्हणाला होता? तोंड फिरवा, एवढंच म्हणाला ना?"

त्याला सगळं आठवत होतं, हे चेहऱ्यावर दिसत होतं. मला कमी आठवावं, एवढीच त्याची इच्छा होती. पण खोटं बोलून मी कधी माल विकला नाही, आणि हे मी माल विकण्याइतकंच सरळ समजले.

"ठोका आयकू आला पाह्यजे, असं म्हणाला होता," मी सांगितलं. "आणि तुमी हसले."

तो "हो" म्हणाला आणि उठला. त्या दिवशी हसणारे तिघं होते. धाकटा, मिस्त्री आणि मी. तिसरं नाव मी सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात तो भावांच्या गावी जाऊन आला. तिथलं त्यानेच मला एका दमात सांगितलं. अंगणात चार माणसं बसलेली असताना त्याने थोरल्याला म्हटलं की चूक माझी आहे, तुम्ही सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. थोरला डाव्या हाताने कप धरायला शिकत होता. कप खाली ठेवून म्हणाला, "म्या म्हटलं होतं, हे खरं हाय. पण शिट्टी वाजली का लेकरं पळत येत, तवा मलेही बरं वाटे. आता तुमी हे मले काहून सांगून राह्यले? हात त काही तुमाले आणता येत नाही."

राग नव्हता म्हणे त्याच्या बोलण्यात. मग त्याने बायकोला ताट वाढायला सांगितलं.

"जेवलो वैनी," मिस्त्री म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "जेवलो मी तिथं."

त्यानंतर त्याने आपलेच कर्णे काढायला सुरुवात केली. ओळखीचा ट्रक दिसला की रस्त्यावर जाऊन हात करायचा. फुकट काढून देतो, डबा बसवून देतो, म्हणायचा. काही थांबले. बरेच हसले, आणि हळूहळू त्याच्या शेडवरून न थांबता जाऊ लागले. वणीकडे दुसरे मिस्त्री होतेच. त्या हंगामात माझे फिल्टर पुष्कळ खपले. उन्हाळ्यात त्याने हत्यारं विकली आणि शेडची किल्ली माझ्या टेबलावर आणून ठेवली.

कापूस पुन्हा येऊ लागला तेव्हा मी मशीनचे पट्टे पोचवायला त्याच जिनिंगमध्ये गेले. धक्क्याच्या कडेला मिस्त्री उभा होता. केसांत, भुवयांत कापूस. हातात काठी, काठीला लाल कापड. ड्रायव्हरला आरशात दिसेल अशा जागी उभा राहून तो काठीच्या खुणेने गाड्या मागे घ्यायला लावत होता. असं काम तिथे पूर्वी नव्हतं. त्याने ते मागून घेतलं होतं, हमालाच्या मजुरीवर.

मी हाक मारली. म्हटलं, "मिस्त्री, शेड अजून कोणाले दिली नाही."

त्याने मान वळवली नाही. "थांबा वैनी, गाडी लागून राह्यली."

ती लागली. तिच्यामागे दुसरी होती. मला शेडबद्दल बोलायचं होतं, आणि ते तिसरं नावही सांगून टाकायचं होतं. दुसरीही लागली. तिसरी फाटकातून वळत होती आणि तो काठी घेऊन पुढे सरकला होता. मला दुकान उघडायचं होतं. पुढच्या खेपेला सांगू असं ठरवून मी निघाले.

पुढच्या खेपेला तो नव्हता. राजूरकडे परत गेला, म्हणाले; नक्की कुठे ते कोणालाच ठाऊक नव्हतं. काठी धक्क्याला टेकवून ठेवली होती. एक ट्रक मागे येत होता, आणि त्याच्यामागे एक हमाल फाळक्यावर हाताने ठोकत होता.