भाचा पासवर्डमागे अडकला तेव्हा

आमच्या घरात इंटरनेटमधलं फक्त मला कळतं, असं मीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

नव्वदीचं दशक संपत आलेलं. जळगावात मेहरूणला आमचं घर, आणि गल्लीतला पहिला कॉम्प्युटर आमचा. (त्याच्यावर भरतकामाचं कव्हर! धूळ आमच्यावर बसली तर चालेल, त्याच्यावर नको.) अशात माझी धाकटी बहीण नंदा मस्कतला बाळंत झाली. मुलगा! आईचं पहिलंच नातवंड. नंदाने फोनवर सांगितलं, "दादा, ई-मेलने फोटो पाठवलाय. आधी आईला दाखव हं."

आई ठेवणीतली साडी नेसून कॉम्प्युटरपुढे बसली. मी ऐटीत पासवर्ड टाकला. चूक! पुन्हा टाकला. पुन्हा चूक!

"या फुल्या कसल्या रे?" वडिलांनी, म्हणजे नानांनी, चष्मा पुसत विचारलं. "शिव्या देतोयस का त्याला?"

"नाना, तो पासवर्ड लपवतो."

"तुझ्यापासूनच?"

कनेक्शन देणाऱ्याने बजावलं होतं, पासवर्डची सगळी अक्षरं लहान, मोठं एकही नको. मी तसंच तर करत होतो! मग मी सेटिंगमध्ये शिरलो आणि दिसेल ते बदललं. पडद्यावरची अक्षरं जांभळी झाली, घड्याळ मस्कतची वेळ दाखवायला लागलं.

"चला, जवळ तरी पोचलो," नाना म्हणाले.

उरला एकच उपाय: बंद करून पुन्हा चालू करणं. आमचा कॉम्प्युटर जागा व्हायला इतका वेळ घ्यायचा की मी तेवढ्यात ओट्यावर जाऊन बसायचो. परत येऊन पासवर्ड टाकायचो. चूक! रोज कामावरून आलो की दिवेलागणीला हाच खेळ. इकडे आईचं कशातच लक्ष लागेना. वांग्याच्या भरितात मीठ पडायचं राहिलं. बिचारी येता-जाता त्या काळ्या पडद्याकडे बघायची. मला फार वाईट वाटायचं हो!

शेवटी धुळ्याहून चुलतभाऊ संजूला बोलावलं. तो कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा. आल्या आल्या त्याने मशीन उघडलं, धूळ फुंकली, "व्हायरस!" म्हणाला आणि चहा मागितला. पुन्हा जोडलं तेव्हा दोन स्क्रू उरले. (ते अजून आमच्याकडे आहेत.) त्याने कॉम्प्युटर चालू केला आणि आम्ही दोघं चहाला बाहेर आलो, तोच मस्कतहून फोन.

"दादा, पाहिलास ना फोटो?"

आता इथे अब्रूचा प्रश्न होता! "पाहिला की! काय नाक आहे गं! हुबेहूब तुझं!"

"नाक? अरे, फोटोत तो भिंतीकडे तोंड करून झोपलाय!"

मी रिसीव्हर नानांच्या हातात कोंबला आणि कॉम्प्युटरच्या खोलीत पळालो. तिथे आई उभी. हातात उदबत्ती. तिने पडद्याला हळदकुंकू वाहिलं, हात जोडले, आणि कीबोर्डवरचं एक बटण अलगद दाबलं. कोपऱ्यात इवलासा हिरवा दिवा लागला.

अक्षरं मोठी करणारं बटण!

"आई! हे काय करतेस?"

आई मूळची पारोळ्याची. चिडली की थेट अहिराणीत यायची. "दिवा लावस! देवना लावस, तुळसना लावस, मंग याना नको? फोटो येवाले जोयजे ना! तू घडीघडी विझाडस, मी घडीघडी लावस!"

मी खाली मान घालून तो दिवा विझवला. (संजू म्हणाला, "मला हीच शंका होती.") पासवर्ड टाकला आणि मुकाट्याने उघडलं की हो सगळं! फोटो वरून खाली, रडतखडत उतरायला लागला. आधी टोपडं आलं, मग मान आणि मग पाठ. तेवढ्यावरही आईच्या डोळ्यांना धार लागली. तिने कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

"हाऊ पोऱ्या बरोब्बर मामावर गया!"

मी फुशारलो. "नुसत्या पाठीवरून कसं गं ओळखलंस?"

"याले बी समोरनं काहीच दिसत नही!"