मागच्या पानावरचा नंबर

३ ऑगस्टला सकाळपासून मी नाशिकरोडच्या आमच्या झेरॉक्सच्या दुकानात, मागच्या खोलीत, पुस्तकांच्या शेवटच्या पानावर कोऱ्या पट्ट्या चिकटवत बसले होते. त्या पानावर 'अडलं तर' असं छापलंय, त्याखालच्या ओळीत 'फोन करा' आणि एक नंबर. नंबर प्रशांतचा, माझ्या धाकट्या दिराचा. त्याला जाऊन दीडेक महिना झाला होता आणि फोन अजून येत होते.

प्रशांत एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात शिफ्टची नोकरी करायचा आणि उरलेल्या वेळात खेळ लिहायचा. मोबाइलवरचे नव्हेत, टेबलाभोवती बसून बोलत खेळायचे. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, आता मी अमुक करतो म्हणून सांगायचं, फासा टाकायचा. पुढं काय झालं ते सूत्रधार सांगणार. पहिला खेळ लासलगावच्या कांदा मार्केटवर होता. तो आधी आमच्याच घरात खेळून पाहिला. मी व्यापारी झाले, आमचे हे हमाल, आणि मी भाव असा पाडला की हे रागानं जेवायला आले नाहीत. प्रशांत म्हणाला, "वहिनी, खरा व्यापारीसुद्धा एवढा निर्दय नसतो." मी म्हटलं, "मग छापायचं कधी?" अशी आमची 'चौफासा' प्रकाशन संस्था निघाली. लिहायचं त्यानं, छपाई, बांधणी आणि कुरिअर माझ्याकडे. दुसरा खेळ इगतपुरीच्या घाटात धुक्यात अडकलेल्या रेल्वेगाडीचा. तो पार लातूर-कोल्हापूरच्या हॉस्टेलांपर्यंत गेला.

पण आमची पुस्तकं अर्धीच होती. लोक त्याचं एवढं कौतुक करतात, म्हणून हेही लिहायलाच हवं. ट्रॅक्टर उलटला तर सांडलेला कांदा कोणाचा? पुस्तकात नाही. गाडीतला प्रवासी उतरून चालायला लागला तर? नाही. "प्रशांत, नियम लिहून काढ," मी किती वेळा म्हटलं असेल. त्याचं एकच, "कशाला वहिनी? मी आहे ना." त्यानं हट्टानं स्वतःचा नंबर छापायला लावला. मग जेवताना, ड्यूटीवर, लग्नाच्या मांडवात, हातात अक्षता धरून त्याचे निकाल चालायचे, "निम्मा कांदा हमालांचा. टाका फासा." लोकांना ते आवडायचं. त्याला तर फारच. "तू प्रकाशक आहेस की स्टेशनवरची चौकशीची खिडकी?" मी विचारलं होतं. "ती खिडकी बंद असते वहिनी. मी चालू असतो."

जूनमधल्या एका रविवारी दुपारी त्याला दरदरून घाम फुटला, डावा हात दुखायला लागला. मी रिक्षा दारात आणून उभी केली, तेवढ्यात फोन वाजला. "एवढा निकाल देतो, मग निघू. पोरं खोळंबलीत." मी ओरडले. त्यानं हातानंच थांबा म्हणून खुणावलं, पायरीवर बसला, निकाल दिला, समोरच्याची शंका ऐकून घेतली, पुन्हा समजावून सांगितलं... दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. आधी निघालो असतो तर वाचला असता का, ते मी कोणाला विचारलं नाही. विचारणारही नाही.

शोकसभेत जो उठला तो म्हणाला, "सगळं त्याच्या डोक्यात होतं हो." कौतुकानं म्हणत होते. मला इतका संताप आला की मी चहा बघायच्या निमित्तानं बाहेर गेले. डोक्यात होतं म्हणजे ते आम्ही जाळून आलो. आता हे खेळ पुरे कोणी करायचे? अर्धी पुस्तकं विकणं मला जमणार नव्हतं. म्हणून ठरवलं, नंबर झाकायचा, उरलेल्या प्रती वाटून टाकायच्या आणि 'चौफासा' बंद.

त्या ३ ऑगस्टच्या संध्याकाळी, मी पट्ट्या चिकटवत असतानाच प्रशांतचा फोन पुन्हा वाजला. इगतपुरीच्या एक शिक्षिका होत्या, मागं बायकांचा गलका. "सर आहेत का? आमच्या गाडीचा गार्ड मेला हो. बोगद्यातली वाट त्याला एकट्यालाच माहीत होती. आता नियम काय?"

"सरही गेले," मी म्हटलं. "नियम त्यांना एकट्यालाच माहीत होता. तुमचं तुम्ही ठरवा."

मी फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं आणि आधी त्या बाईंना फोन लावला. त्यांनी काय केलं ते मला कळायलाच हवं होतं.

"ठरवलं ना," त्या दबकत म्हणाल्या. "गार्ड जिवंतपणी जे बोलला होता, त्यातलं एकेक प्रत्येकीनं आठवून सांगायचं. दुसऱ्या कोणालाही ते आठवलं तर खरं धरायचं, आणि तेवढी गाडी पुढं न्यायची. चुकलं का हो आमचं?"

"निघाली का गाडी?"

"निघाली की. जरा घासली भिंतीला."

मी कोऱ्या पट्ट्या कचऱ्यात टाकल्या. हा नियम त्यांच्याच शब्दांत टाइप केला, नव्या पट्ट्यांवर छापला आणि चिकटवायला बसले. 'फोन करा' आणि नंबर, दोन्ही झाकलं. वरचं 'अडलं तर' तेवढं राहू दिलं. मग कुरिअरवाल्याला निरोप धाडला, उद्यापासून पुन्हा येत जा.