एकट्याचं मशीन

आज शिलाई मशीनला तेल घातलं आणि त्या वासानं इंग्लंडमध्ये, इथे लेस्टरमध्येच, वीस वर्षांपूर्वी घडलेली एक संध्याकाळ आठवली. शाळेच्या प्रोजेक्टसाठी माझी लेक अमेरिकेतल्या जुन्या गिरण्यांबद्दल वाचत होती. कामाचे तास वाढवले म्हणून तिथल्या मुली माग बंद करून बाहेर पडल्या होत्या.

"आजोबा, तुमच्या मिलमध्ये पण स्ट्राइक झाला?"

माझे सासरे इथल्याच मोज्यांच्या मिलमध्ये आयुष्यभर राबलेले. "झाला ना. सगळे बाहेर पडले, मी आतच राहिलो," ते म्हणाले. "एकट्याचं मशीन केवढं वाजतं, ते त्या दिवशी कळलं."

माझे वडील मुंबईच्या गिरणीतले संपकरी. मला सासऱ्यांचा रागच आला होता. आता वाटतं, नातीला 'नाही झाला' असं सांगून त्यांना सहज सुटता आलं असतं.