पद्माकरचं मत

पद्माकर आणि मी पस्तीस वर्षं एकाच कामावर होतो. आधी इंग्लंडात कोव्हेंट्रीला, मग सिडनीत. दोघेही फिटर. कोव्हेंट्रीचा कारखाना बंद पडला तेव्हा तो आधी इकडे आला आणि सहा महिन्यांनी त्याने मला बोलावून घेतलं. पॅरामॅटाच्या पुढे ब्रेडचा एक कारखाना होता. तिथल्या मेंटेनन्समध्ये त्याने माझ्यासाठी शब्द टाकला. सुपरवायझरने त्याला विचारलं, हा माणूस कामाला कसा आहे? पद्माकर म्हणाला, "त्याने आवळलेला नट मी पुन्हा बघत नाही." माझी मुलाखत एवढीच झाली.

हे आधी लिहिलं, कारण पुढे लिहायचं आहे ते मी केलेलं आहे.

पद्माकर बुटका, मनगटं जाड, बोलणं मोजकं. कामात घाई केलेली त्याला खपत नसे, आणि रेंगाळलेलंही. त्याच्याबद्दल एकच गोष्ट सांगायची तर कुलपाची सांगेन.

कारखान्यात कणीक मळायचा मिक्सर होता, त्यात दोन माणसं सहज उभी राहतील एवढा. दुरुस्तीला आत उतरायचं तर आधी मेन स्विचला स्वतःचं कुलूप घालायचं आणि त्यावर स्वतःच्या नावाचं लाल कार्ड अडकवायचं. ज्याचं नाव, त्यानेच ते काढायचं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. एका शुक्रवारी पद्माकरने काम संपवलं आणि कुलूप काढायला विसरला. शनिवारी सकाळी लाइन सुरू करायची, तर स्विच बंद. पद्माकर बायको-मुलीला घेऊन कटुंब्याच्या डोंगरात गेला होता. मी फोन केला.

"मी कापतो कुलूप. आत उतरून बघितलंय, कुणी नाहीये."

"हात लावू नकोस," तो म्हणाला. "नाव माझं आहे."

दोन तास गाडी चालवून तो आला, मिक्सरमध्ये डोकं घालून स्वतः बघितलं, कुलूप काढलं आणि दोन तास परत गेला. सुपरवायझर हसत होता. मीही हसलो होतो.

आता २०१६. ब्रिटनने युरोपियन युनियनमध्ये राहायचं की बाहेर पडायचं, यावर जूनमध्ये मतदान ठरलं. आम्हा दोघांचे ब्रिटिश पासपोर्ट अजून चालू होते. ब्रिटन सोडून पंधरा वर्षं झाली नसतील तर बाहेरून मत देता येत असे. आम्हाला चौदा झाली होती. मतपत्रिका पोस्टाने मागवली तर वेळेत पोचेल याचा भरवसा नव्हता. पण माझा पुतण्या वरुण कोव्हेंट्रीत राहतो, त्याच्या मुलाच्या बारशाला मी नेमका त्याच आठवड्यात जाणार होतो. पद्माकरने रीतसर फॉर्म भरून मला त्याचा प्रॉक्सी केलं. म्हणजे माझं मत मी द्यायचं, आणि त्याच्या नावाचंही मीच टाकायचं.

त्याला राहायच्या बाजूने मत द्यायचं होतं. त्याची मुलगी मिताली इथे युनिव्हर्सिटी करून पुन्हा कोव्हेंट्रीला नोकरीला गेली होती. तिचा नवरा मारेक पोलंडचा, बस डेपोत मेकॅनिक. युनियन सुटली तर जावयाचं काय, ही पद्माकरची काळजी. मी बाहेर पडायच्या बाजूचा होतो. वरुणच्या बायकोला साताऱ्याहून कोव्हेंट्रीला यायला अडीच वर्षं लागली. दोनदा व्हिसा नाकारला. मारेक युनियनमधला, त्याला व्हिसाच नको; एक बॅग घेऊन बसमधून उतरला आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागला. यात मारेकची काही चूक नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी ते मला खुपायचं.

पद्माकरला हे सगळं ठाऊक होतं. वेस्टमीडच्या त्याच्या घरी फॉर्मवर सही करताना तो म्हणाला, "तुझं मत तुझं. माझं माझं. दोन्ही टाक."

त्याची बायको, चित्रावहिनी, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सँपल घेण्याच्या काउंटरवर असत. शिफ्टला निघता निघता चहा गाळत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे दोघांची मिळून बेरीज शून्य. भाऊजी, चोवीस तास विमानात बसून शून्य करून येणार तुम्ही?"

"शून्य कसं?" पद्माकर म्हणाला. "दोन मतं आहेत."

"एक लावायचं, दुसरं पुसायचं. पेन्सिलीचा खर्च."

आम्ही तिघेही हसलो.

मतदान आमच्या जुन्या गल्लीमागच्या चर्चच्या हॉलमध्ये होतं. माझी पत्रिका मिळाली, त्याची मिळाली. लाकडी आडोशात दोरीला बांधलेली पेन्सिल. माझ्या पत्रिकेवर मी फुली मारली. मग त्याची समोर ठेवली आणि हात थांबला. वहिनींचं वाक्य डोक्यात होतं. आत्ता फुली मारली तर मी केलेलं काम मीच उलटं करणार. आवळलेला नट स्वतःच्या हाताने सैल करणार. वरुणची अडीच वर्षं आठवली. दुसऱ्या बाजूला फुली मारून खोटेपणा करायचा नव्हता, तेवढी लाज होती. खूण करायला लागतो त्याहून जास्त वेळ मी ती न करण्यात घालवला. शेवटी पत्रिकेची कोरीच घडी घातली आणि पेटीत टाकली. कोरी टाकली म्हणजे चूक अर्धीच होते असं मला वाटलं.

बाहेर येऊन मेसेज केला. "तुझं काम झालं."

त्याचं उत्तर आलं, "थँक्स मेट."

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. बाहेर पडायचं ठरलं. साडेबारा लाखांहून जास्त मतांचा फरक होता. हा आकडा मी पाठ केला. पुढे तो मला बऱ्याचदा लागणार होता.

सिडनीला परतलो आणि दोनच दिवसांनी इथली निवडणूक होती. इथे मत दिलं नाही तर दंड होतो, त्यामुळे शाळेसमोर नेहमीसारखी रांग. एका बाजूला ब्रेडमध्ये सॉसेज घालून विकत होते. पद्माकरने दोन घेतले, एक माझ्या हातात दिला. आमच्या मागे शंतनू उभा होता, पॅरामॅटाला आयटीत असलेला पुण्याचा मुलगा. पद्माकर सहसा कुणाशी आपणहून बोलत नाही. त्या दिवशी बोलला.

"हे शिरीषकाका. मत द्यायला इंग्लंडला जाऊन आले. स्वतःचं दिलं, माझंही टाकून आले. आणि दोघांचं मत उलटं, बरं का."

"काय सांगता काका," शंतनू म्हणाला. "माझा रूममेट रस्ता ओलांडून यायला तयार नाही. फाइन भरीन म्हणतो."

सॉसेज माझ्या हातात तसाच होता. तेव्हाच सांगायला हवं होतं. मागे माणसं होती, रांग पुढे सरकत होती, आणि निकाल तर लागून गेला होता. अशी तीन कारणं मी एका मिनिटात शोधली. कामावर कुणी तीन कारणं सांगितली की मी त्याला म्हणत असे, एक पुरतं, जर ते खरं असेल.

मग साडेतीन वर्षं गेली. लंडनच्या पार्लमेंटात संध्याकाळी मतं पडत, तेव्हा आमची सकाळची शिफ्ट नुकतीच लागलेली असे. पद्माकर एका कानात फोनची वायर घालून बेल्ट बदलायचा. स्मोकोला, म्हणजे सकाळच्या छोट्या सुट्टीत, चहा पिताना निकाल सांगायचा. हा करार पाडला. तो ठराव पाडला. तारीख पुढे ढकलली.

"काय हवंय ते कुणाला सांगता येत नाही," तो म्हणायचा. "नको काय ते सगळ्यांना माहितीय. असं मशीन बनतं का?"

आणि नेहमी शेवटी एकच. "बाहेर पडा म्हणणाऱ्यांवर माझा राग नाही. तू पण त्यातलाच. निदान जाऊन मत दिलंस. घरात बसून राहिले ना, त्यांच्यावर आहे."

मी कप धुवायला उठायचो.

२०१९ च्या मार्चअखेर ब्रिटन बाहेर पडणार असं ठरलं होतं. मिताली, मारेक आणि त्यांची चार वर्षांची माया त्याच सुमारास सिडनीला येणार होती. तिकिटं काढलेली होती. मारेकला तिथे राहायच्या हक्काचे कागद अजून मिळाले नव्हते. पहिली काही वर्षं त्याने किरकोळ, सुटी कामं केली होती, त्यांचे पुरावे जुळत नव्हते. मिताली फोनवर म्हणाली, "बाबा, वुई कान्ट रिस्क इट. आम्ही तिकडे असताना नियम बदलले आणि त्याला परत आत घेतलंच नाही तर?"

"घेतील गं," पद्माकर म्हणाला.

"लिहून देणार का कुणी?"

ते आले नाहीत. मायासाठी पद्माकरने मागच्या अंगणात झोपाळा करायला घेतला होता. लोखंडी पाइप कापून झाले होते. त्याने ते गॅरेजच्या भिंतीला उभे करून ठेवले. मी गेलो की ते दिसत. साडेबारा लाख, मी मनात म्हणायचो. पाइप तिथेच असत.

डिसेंबरात तो निवृत्त झाला. मी त्याच्याआधी दोन महिने. जानेवारीत मारेकचे कागद आले, आणि फेब्रुवारीअखेरची तिकिटं निघाली. पद्माकरचा फोन आला. "शनिवारी ये. झोपाळा उभा करू."

तो शनिवार एक फेब्रुवारी. सकाळी दहाला, इथल्या वेळेने, ब्रिटन युनियनमधून बाहेर पडणार होतं. ऊन तापायच्या आत काम संपवायचं म्हणून सातलाच सुरुवात केली. आठ नट. चार त्याच्या बाजूला, चार माझ्या. खिडकीत रेडिओ लावलेला होता. दहा वाजले, बातमी झाली.

"झालं एकदाचं," तो म्हणाला. "एवढ्या वेळात आपण अख्खी ओव्हनची लाइन बदलून दिली असती."

मी पाना खाली ठेवला.

"पद्माकर, तुझी पत्रिका मी कोरी टाकली."

"कुठली पत्रिका?"

"कोव्हेंट्रीची. सोळा सालची."

त्याने फडक्याला हात पुसले. एकेक बोट.

"गेला होतास ना?"

"गेलो होतो."

"हातात घेतलीस?"

"घेतली. घडी घालून टाकली. खूण नाही केली."

"तुझी केलीस?"

"केली."

मी कारण सांगितलं. बेरीज शून्य, वरुणच्या बायकोचा व्हिसा, सगळं. साडेतीन वर्षं जे मला मोठं वाटत होतं ते बोलायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

"चित्राने जोक केला होता," तो म्हणाला.

"हो."

"उलटी फुली मारली असतीस तर भांडलो असतो तुझ्याशी. भांडता येतं. याचं काय करू?"

मग मी जे म्हणायला नको होतं ते म्हणालो. "एका मताने काही झालं नसतं."

"मिक्सरमध्ये तरी कुठे कुणी होतं, शिरीष?" तो म्हणाला. "मी आलोच ना."

मागचं दार उघडून वहिनी चहा घेऊन आल्या. दोघांकडे बघितलं. "काय झालं? भांडलात की काय?"

"काही नाही," पद्माकर म्हणाला. "ब्रेक्झिट झालं."

"मग तोंडं कशाला पाडायची? मारेक येतोय ना?" त्या कप ठेवून आत गेल्या. त्याने त्यांना कधी सांगितलं की नाही, मला माहीत नाही. त्या अजून मला भाऊजीच म्हणतात.

त्याने चहा संपवला. मग स्वतःचा पाना घेतला आणि माझ्या बाजूला आला. पहिल्या नटला लावला, वजन टाकून ओढला. मग दुसऱ्याला. मी बाजूला सरकून उभा राहिलो. पस्तीस वर्षांत त्याने हे कधी केलं नव्हतं. चारही नट जागचे हलले नाहीत. नीट आवळलेले होते. त्याने तरी चौथ्यापर्यंत बघितलं.

माया आली, तिने झोपाळा भरपूर वापरला. पद्माकर अजून मला कामाला बोलावतो. गटाराची जाळी, गॅरेजचं दार, काहीतरी निघतं. मी माझ्या बाजूचं करतो आणि झालं की बाजूला होतो. तो येतो, पाना लावतो, बघतो. मी थांबतो.